लॅपटॉपमधले जास्तीचे सहा सेकंद

मी गणिताची शिक्षिका. कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं, की त्या बाईला सतराचा पाढा विचारावासा वाटणाऱ्यांपैकी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं, आणि मनात ठेवून आता जड झालंय.

सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. एप्रिल महिना, रविवार, दुपारचे पावणेतीन. पडदे ओढलेले, कूलर चालू, घरात मी एकटी.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पहिलं पुण्यस्मरण आठवड्यावर आलं होतं. ते गेले कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीच्या घरी. त्याच्या आठ दिवस आधी मी मोबाइलवर त्यांच्या काही क्लिप घेतल्या होत्या, त्या जोडून छोटा व्हिडिओ करायचा होता. धाकट्या भावाची, मल्लूची, एकच अट होती.

"अक्का, त्यो शैलीचा तुकडा काढ. पावणं बसल्यालं असत्यात. जुनं उकरायला नको."

शैला आमची मधली बहीण. नऊ वर्षांपूर्वी तिनं अप्पांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि त्यांनी तिचं नाव टाकलं. ती राहते बार्शीत, दोन तासांवर. त्या एका क्लिपमध्ये मात्र अप्पा मल्लूला विचारतात, "शैली आली का?" मल्लू उशी सारखी करत राहतो. मोबाइल धरलेली मी म्हणते, "येईल, अप्पा." आणि मी तिला फोन केला नाही. उद्या करू, परवा करू म्हणत राहिले... आणि अप्पा गेले. खरं सांगायचं तर तो तुकडा मल्लूपेक्षा मलाच नको होता.

आता सॉफ्टवेअर. माझा लॅपटॉप म्हातारा, म्हणून शाळेतल्या श्रीनिवास सरांनी विंडोज काढून त्यावर लिनक्स घालून दिलेलं. एडिटिंगला काय घेऊ विचारलं तर म्हणाले, "नवशिक्याला काय लागतंय मॅडम? कापायचं, जोडायचं, नाव टाकायचं. बस्स की." आणि दोन फुकटातली सुचवली. नावं लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये त्यावरूनच भांडणं जुंपतील. पहिल्यात इतकी बटणं की विमान उडवायला बसल्यासारखं वाटलं. तरी तेच घेतलं, तुकडा कापला, व्हिडिओ बनवला, लावला.

"शैली आली का?"

 सरांना फोन केला. ते हसले. "फाइलला नाव काय दिलंय?" मी जुनी, न कापलेली फाइल कॅपिटल ए टाकून 'Appa' नावानं सेव्ह केली होती, नवी छोट्या ए-नं. विंडोजवर दोन्ही एकच, लिनक्सला मात्र ही दोन वेगळी माणसं. मी जुनीच लावून बसले होते. गणिताच्या बाईची ही अक्कल, म्हणून मीही हसले.

दोन्ही फाइली उडवल्या. पुन्हा बनवला, नवं नाव दिलं. स्क्रीनवर तपासलं, तो तुकडा कुठेही नव्हता. लावला.

"शैली आली का?"

या वेळी हसू आलं नाही.  मी ते सॉफ्टवेअरच बंद केलं आणि दुसरं, अगदी साधं होतं ते उघडलं. ती क्लिप त्यात घेतलीच नाही. एवढंच नाही... भीतीपोटी मी ती मूळ क्लिप लॅपटॉपमधून काढली, कचरापेटीतून काढली, मोबाइलमधूनही कायमची उडवली. उरलेल्या क्लिपांची बेरीज कागदावर केली — चार मिनिटं दहा सेकंद.

तयार झालेला व्हिडिओ होता चार मिनिटं सोळा सेकंदांचा.

शेवटचे सहा सेकंद काळा पडदा. आणि अप्पांचा आवाज, आजारातला नव्हे, पूर्वीचा खणखणीत. "शैली, मनीगि बा."

घरी ये. सुनेला, मल्लूच्या बायकोला, कन्नड येत नाही म्हणून मैंदर्गीच्या घरात मराठीच चालायचं. अप्पा कन्नड बोलायचे ते फक्त आम्हा दोघी बहिणींशी. आणि हे वाक्य मी कधीच रेकॉर्ड केलेलं नव्हतं. मी लॅपटॉप मिटून जिन्यात जाऊन बसले.

सोमवारी शाळेत सरांसमोर लावला. सरांनी दोनदा ऐकला. आवाज कुठल्या फाइलमधून येतोय ते धुंडाळलं, सापडलं नाही. एरवी सतत थट्टा करणारा माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, काय म्हणतायत ते?"

मी म्हणाले, "काही नाही, सर."

का म्हणाले, माहीत नाही. नऊ वर्षांची सवय असावी.

पण त्याच मधल्या सुट्टीत मी शैलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती मंगळवारी पहिल्या गाडीनं आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "लाव." मी लावला. चार मिनिटं दहा सेकंद झाले आणि व्हिडिओ संपला. पुन्हा लावला. तेवढाच. सरांना बोलावलं, त्यांनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. ते सहा सेकंद नव्हतेच. 

"मग आधीची क्लिप दाखव," शैला म्हणाली. "आली का विचारलंय ती."

"ती मी उडवली," मी म्हणाले.

"अक्का, मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस न्हवं तू?"

मी सरांकडे बघितलं. शैलानंही बघितलं. "सर, तुमी ऐकलंय की. काय म्हणाले अप्पा?"

सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "आवाज ऐकला ताई, खोटं कशाला बोलू. पण आमच्या घरात तेलुगू... मला कन्नड कुटं येतंय?"