होटगी रस्त्यावरचे सोमवार

अव्वाच्या लुगड्याच्या काठाला लागलेली कुसळं बघून आईला पहिल्यांदा संशय आला.

"देवळात कुसळं कुठून आली गं?" तिनं मला हळूच विचारलं. अव्वा म्हणजे माझी आजी, वडलांची आई. ती हातपाय धुवायला मागच्या मोरीत गेली होती.

"तळ्याकाठी गवत आहे," मी म्हणाले.

 आईनं माझे दंड चाचपले, गळ्यात काही बांधलंय का बघितलं. मग कानामागचे केस बाजूला करून एखादी बट कापलेली दिसते का तेही पाहिलं. ती काय शोधतेय ते मला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी शेजारच्या काकू तिच्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "म्हातारी दर सोमवारी पोरीला कुठं नेते, लक्ष ठेवा. नातवासाठी म्हाताऱ्या देवऋष्याकडं जातात, आणि असल्या कामाला घरातलीच पोरगी लागते म्हणे."

दुष्काळ नुकताच सरला होता. मी चौथीत होते, आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचो. घरात मी एकटीच लेकरू, आणि आईला दिवस गेलेले. काकूंचं बोलणं तिच्या मनात रुतून बसलं.

खरं सांगायचं तर माझाही अव्वावर भरवसा नव्हता. सकाळची शाळा सुटली की ती मला घेऊन "सिद्धेश्वराला जाऊन येते" म्हणून निघायची. पण देवळाची वाट सोडून आम्ही होटगी रस्त्याच्या बसमध्ये बसायचो. पहिल्या दिवशी मी विचारलं, तर ती म्हणाली, "देव कुटं पळून जातोय व्हय? गप बस की."

बसमधून उतरून माळावरून चालत गेलं की तारेचं कुंपण लागायचं. कुंपणापलीकडं विमानांची धावपट्टी होती. ती बहुतेक वेळ रिकामीच असायची. अलीकडं एक कडुनिंब होता, त्याच्या सावलीत अव्वा बसायची आणि आभाळाकडं बघत राहायची. पहिल्या सोमवारी काहीच आलं नाही. फक्त तिथला राखणदार सायकलवरून आला आणि तिच्याशी कानडीत बोलू लागला. दोघंही अक्कलकोटकडचे. अव्वा तोंडाला पदर लावून हसली. घरात मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. हाच तो देवऋषी असणार, असं वाटून मी दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घट्ट धरून बसले.

पुढच्या सोमवारी विमान आलं. कुठल्याशा क्लबचं, दोन माणसं बसतील एवढंच, पोरांना शिकवायला अधूनमधून यायचं. आधी माशीसारखी गुणगुण ऐकू आली, मग ते झाडांवरून खाली घसरत आलं. अव्वा ताडकन उठली.

"नोडु! नोडु!" बघ, बघ, म्हणून ती ओरडत होती. तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. चाकं जमिनीला लागेपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.

मग तिनं मला सांगितलं. ती माझ्याएवढी असताना तिच्या गावच्या ज्वारीच्या रानात एक विमान बिघडून उतरलं होतं. माणसं भुताला घाबरावं तशी पळाली. ही एकटीच जवळ गेली आणि पंखाला हात लावला.

"कापड व्हतं गं ते. लोखंड न्हाय, काय न्हाय. कापडाला रंग लावलेला. बोट मारलं तर ढोलकीवानी वाजलं. बापानं लई मारलं मला. आन् कुणालाच खरं वाटलं न्हाय."

मलाही वाटलं नाही. सोलापूरच्या पोरीला कापड म्हणजे चादरी आणि धोतरं. कापडाचं काही आभाळात उडतं हे कसं खरं मानायचं? ही आणखी एक थाप, असं मी मनात धरलं.

"आईला सांगू नगंस," ती म्हणाली. "म्हातारी येडी झाली म्हणतील."

असे सोमवार होत राहिले. घरी आई माझे केस चाचपायची, आणि अव्वा ते बघून न बघितल्यासारखं करायची. दोघी एका चुलीपाशी बसायच्या, पण अव्वानं वाढलेलं माझ्या ताटातलं आई आधी स्वतः खाऊन बघायची.

शेवटी एका सोमवारी आई आमच्या मागच्या बसनं आली. आम्हाला पत्ताच नव्हता. राखणदार कुंपणावरून अव्वाला कागदाची पुडी देत होता तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"आत्याबाई, काय आहे त्यात?"

अव्वा दचकली. पोट सावरत, घामानं भिजलेली आई समोर उभी. तिनं पुडी हिसकावून घेतली. "अंगारा आहे ना? माझ्या पोरीवर काय करताय तुम्ही?"

"अगं, तसं काय न्हाय..."

आईनं पुडी उघडली. आत चंदेरी रंगाचा एक फाटका तुकडा होता. त्याला रंगाचा उग्र वास येत होता. आईनं तो भीत भीत बोटांत धरला, वाकवून बघितला. मागची बाजू साध्या मांजरपाटासारखी होती.

"विमानाच्या पंखाचं कापड हाय बाई," राखणदार म्हणाला. "जुनं काढून नवं लावलं परवा. आजी कवापासनं मागत व्हत्या."

मी तुकडा हातात घेतला. कापडच होतं! मी अव्वाकडं बघितलं, पण तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती आईला म्हणाली, "मला इमान आवडतं. दुसरं काय न्हाय. सांगायची लाज वाटली."

आईचा विश्वास बसेना. ती राखणदाराला उलटसुलट विचारत राहिली, तेव्हा आवाज ऐकून विमान शिकवणारा तरुण माणूस कुंपणाशी आला. त्याला आमचाच संशय. "इथं काय चाललंय?" राखणदारानं सगळं सांगितलं तसा तो हसला. अव्वाला म्हणाला, "आजी, नुसतं बघताय काय? चला, एक फेरी मारू."

अव्वानं आईकडं बघितलं. सासूनं सुनेकडं परवानगीसाठी बघावं हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं. आई म्हणाली, "पोरगी इथंच राहील."

"व्हय. ऱ्हाऊ दे."

अव्वानं कासोटा घट्ट खोचला आणि आत बसली. विमान उडालं तेव्हा आईनं मला पोटाशी धरलं. ते वळून शहराकडं गेलं, ठिपका झालं, दिसेनासं झालं. "परत येतंय ना?" आई राखणदाराला सारखी विचारत होती. तिच्या आवाजात आता वेगळीच काळजी होती.

अव्वा उतरली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईनं धावत जाऊन तिला धरलं.

"तळं दिसलं," अव्वा म्हणाली. "देऊळ दिसलं. गिरणीची चिमणी काडीएवढी. वरनंच हात जोडले देवाला."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या.  आई म्हणाली, "उन्हातान्हाचं जाता, निदान पाणी तरी नेत जा."

संशय एका दिवसात जात नाही. आईनं माझे केस तपासणं हळूहळू सोडलं, पण दुसरी मुलगी झाली त्या दिवशी बाळंतिणीच्या खाटेवरून ती अव्वाच्या चेहऱ्याकडं एकटक बघत होती. अव्वानं बाळ उचललं, पाय ओढून बघितले. "लांब हायत पाय. उंच व्हणार," म्हणाली, आणि शेकाची शेगडी आणायला गेली. आईनं तेव्हा कुठं डोळे मिटले.

उन्हाळ्यात त्या तरुणानं मला वर न्यायचं कबूल केलं. आईनं अव्वाला एवढंच विचारलं, "तुम्ही तिथंच उभ्या राहाल ना?"

"हलायची न्हाय जागची."

मी उडाले. कानात दडे बसले. खाली आले तर अव्वा कुंपणाच्या आत, धुळीत उभी.

"तळं दिसलं?"

"हो."

"चिमणी?"

"हो."

"आपली पेठ कुठल्या अंगाला व्हती?"

मी खाली धुळीकडं बघू लागले. अव्वानं माझी हनुवटी वर केली आणि डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं.

"डोळं मिटून बसलीवतीस की काय गं?"

मी मान डोलावली. ती वळली आणि विमानाकडं चालू लागली. "अवं साहेब," ती त्या तरुणाला हाक मारत होती, "पोरीला परत एकदा न्यायला पायजे की!"