दाभणीचा घाव

तिला सगळे दाभण म्हणायचे. अंगानं काटकुळी, जिभेनं टोकदार, आणि धंदाही तोच, गाड्यांच्या गाद्या शिवायचा. पण ती जीभ उंबऱ्याबाहेरच चालायची. उंबऱ्याच्या आत नवरा होता. तो क्रेन चालवायचा. चारचौघांत गाय आणि घरात वाघ. दार उघडायला उशीर झाला, कुणाशी हसून बोलली, काहीही निमित्त पुरायचं. कधी पट्टा, कधी लाथ, एकदा तर तापलेली इस्त्री. दुसऱ्या दिवशी दाभण लांब बाह्या घालून कामावर हजर.

एकदा त्यानं तिची करंगळी दाराच्या फटीत धरली आणि दार ओढून घेतलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. त्या दिवशी ती भावाकडे गेली, ती परत फिरलीच नाही.

भाऊ मिस्त्री होता, गॅरेजच्या माडीवर एकटाच राहायचा. त्यानं बोट बांधून दिलं, "वर जाऊन पड," म्हणाला, आणि खाली पत्र्यावर असा काही हातोडा घालू लागला की तो पत्रा पुन्हा कामाचा राहिला नाही.

त्याच सुमारास त्यानं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन माणसांची, लांब नाकाची. कुणा हौशी माणसानं दुरुस्त करायची म्हणून ती खिळा न् खिळा सुटी केली, आणि जोडायच्या आधीच तो मेला. सांगाडा ट्रकवरून आला, इंजिन गोण्यांतून, गिअरबॉक्स कपडे धुवायच्या टपातून.

"दादा, गाडी घेतलीस की भंगार?"

"जोडली की गाडी, नाही जोडली की भंगार. लाग कामाला."

ती लागली. आधी गंजलेले बोल्ट रॉकेलमध्ये भिजवले, मग गाद्या शिवल्या. बोट बरं झाल्यावर भावानं तिच्या हातात हातोडा दिला. "पत्र्यावर राग काढायचा नाही. मागून ठोकळा धर, पुढून मार. जिथं मारायचं तिथंच बघ." तिला ते काम आवडलं. इतकं आवडलं की तिची तिलाच भीती वाटायची. पत्र्यातला प्रत्येक खड्डा एका ओळखीच्या चेहऱ्यासारखा दिसायचा, आणि तो सपाट होईपर्यंत तिचे दात आवळलेले असायचे.

मडगार्डं बसवून झाली, त्या दुपारी नवरा आला. हातात लोखंडी कांब, तोंडावर हसू.

"चल घरी."

"मी येणार नाही. तुम्ही जा."

"बरं," म्हणाला, आणि कांब गाडीवर घातली. पुढची काच फुटली. मग दिवा, मग दार, मग तिनं महिनाभर खपून सरळ केलेलं बोनेट. भाऊ गाडीखालून सरपटत बाहेर आला. उभा राहतो न राहतो तोच कांब त्याच्या कपाळावर बसली. तो गुडघ्यांवर कोसळला, डोळे रक्तानं भरले. नवऱ्यानं कांब पुन्हा उचलली.

"हात खाली कर!"

जन्मात पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे बोलली. तो चकित होऊन वळला, आणि हातोडा त्याच्या कोपरावर बसला. कांब खणखणत पडली. पुढचा घाव खांद्यावर, त्यापुढचा गुडघ्यावर. तो पडला तरी ती थांबली नाही. तो "आई गं, आई गं" करत होता. हेच शब्द ती वर्षानुवर्षं भिंतीशी बोलत आली होती.

"पुरे! मरेल तो!" भाऊ ओरडला, तेव्हा कुठं तिचा हात खाली आला. तिला एक विचित्र, गरम समाधान वाटलं, आणि त्याची लाज तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिली.

खरी गंमत पोलीस ठाण्यात झाली. नवऱ्यानं दवाखान्यातून जबाब दिला, "मेव्हण्यानं मारलं." बायकोकडून मार खाल्ला हे सांगण्यापेक्षा त्याला मरण पत्करलं असतं. डोक्याला पट्टी बांधलेला भाऊ म्हणाला, "हो, मीच मारलं."

दाभणीनं टेबलावर मूठ आपटली. "दोघंही खोटं बोलतायत! मारलं ते मी!"

साहेबांनी तिच्या मनगटांकडे पाहिलं. "बाई, भावाची माया कळते हो. पण कोपराचा चुरा झालाय. या काड्यांनी?"

"हातोडा द्या, दाखवते."

सगळं ठाणं हसलं. कोर्टात भावाला वर्षाची शिक्षा झाली.

तिचा संताप मावेना. आयुष्यात एकदाच हात उचलला, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर! तो सगळा संताप तिनं गाडीत ओतला. बोनेट पुन्हा ठोकलं, दार सरळ केलं, भेटीच्या वेळी जाळीपलीकडच्या भावाला विचारून विचारून इंजिन जोडलं.

मधेच एकदा नवरा आला. कोपर वाकत नव्हतं, तरी मिजास होतीच. दाभण हातोडा घेऊन रस्त्यावर आली. टायरवाला, रंगवाला, पंक्चरवाला, सगळे बघत होते.

"सांग यांना, कुणी मोडला हात?"

"तुझ्या भावानं," तो पुटपुटला.

ती एक पाऊल पुढं सरकली. तो दोन पावलं मागं गेला आणि उताणा गटारात पडला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की मेव्हण्यानं मारलेला माणूस बायकोला एवढा घाबरणार नाही. तो परत आला नाही. काडीमोडाच्या कागदावर त्यानं डाव्या हातानं सही केली.

भाऊ सुटला तेव्हा ती गाडी घेऊन तुरुंगाच्या दारात उभी होती. तो हसत पुढं आला. तिनं खाडकन त्याच्या थोबाडीत मारली.

"अगं! हे कशाबद्दल?"

"ते माझं होतं. मी मागितलं होतं का तुझ्याकडे?"

"तू आत गेली असतीस..."

"गेले असते. बाहेरही आले असते."

तो गाल चोळत गाडीत बसला. तिनं गाडी हमरस्त्याला लावली. मग तो समोर बघत म्हणाला, "डोळ्यांत रक्त होतं, तरी सगळं पाहिलं मी. तूच मारलंस."

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता मोठ्यानं रडली.