वळकटीची गाठ

घरी ठणकावून सांगितलं होतं, "हॉस्टेलवर मी एकटा जाणार. कुणी यायचं न्हाय!" निघताना बघतो तर माझी वळकटी आबांनी बैलाच्या कासऱ्यानं आवळून ठेवलेली, उसाची गाडी बांधतात तशी.

कोल्हापुरात खोलीवर आलो, तर गाठ सुटेना. नखं मोडली, दात लावले, खोलीतला जोडीदारही लटकून बघून दमला. कापावं, तर कासरा घरी परत न्यायचा. शेवटी वैतागून एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला, आबांना बोलावून घेतलं आणि ओरडलोच, "ही सोडायची कशी?"

आबा लगेच म्हणाले, "तुला न्हाय सुटायची ती. मीच येतो की."