खिशातला पंप

आमच्या घरामागे तेव्हा वस्ती नव्हती, नुसतं माळरान होतं. उन्हाळ्यात तिकडून वावटळी उठायच्या आणि वाळत घातलेले कपडे मातीच्या रंगाचे होऊन घरात यायचे. सोलापुरात याचं कुणाला नवल नाही. पण माझ्या मुलीला दमा होता. हवेत धूळ चढली की तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, पंप कायम हाताशी ठेवा.

मे महिन्यात तिला बघायला माळशिरसचे पाहुणे आले. दम्याची पोरगी म्हटल्यावर स्थळ हातचं गेलं असतं. गाडी दारात थांबताच मी फळीवरचा पंप उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. मुलीला खूण केली, माझ्यापाशी आहे.

पोहे आले आणि बाहेर आभाळ तांबूस झालं. खिडक्या लावल्या तरी फटींतून धूळ येतच होती.

"सोलापुरात पोह्यांवर खोबऱ्याऐवजी मातीच घालतात की काय!" मुलाचे मामा म्हणाले. सगळे हसले. मुलगी तोंडावर पदर दाबून आत गेली. बायको पाहुण्यांपाशी होती, म्हणून मीच मागोमाग गेलो.

ओट्याला धरून ती उभी होती. दुसरा हात तिनं माझ्यापुढे पसरला.

"अप्पा, पंप."

"जरा कळ काढ की. उठतीलच ते आता."

वादळात कोण उठतंय? मी बैठकीत परतलो आणि मामांशी उसाच्या भावावर बोलत बसलो. आत भांडं पडलं तेव्हा धावलो. बायको वेड्यासारखी फळी उपसू लागली, "पंप कुठं गेला? इथंच असतो की!" सगळे दारात उभे होते. माझा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला.

मुलीला उचलून मी रिक्षात घातलं. बायको मागे शोधतच राहिली. रिक्षात पंप तिच्या तोंडाला लावला, पण ओढायचा जोर तिच्यात उरला नव्हता. धुळीत पुढचा रस्ता दिसत नव्हता. दवाखाना आला तेव्हा ती गेली होती.

आदल्याच दिवशी मायलेकी जेऊरच्या मावशीकडून आल्या होत्या. "तिथंच राहिला असणार. पिशवी मीच भरली होती," बायको म्हणाली.

"असेल," मी म्हणालो.

त्या एका शब्दावर ती म्हातारी झाली. आजही धूळ उठली की ती पिशवी काढून झटकते, कप्पे चाचपते.

काल पुन्हा वादळ आलं. पिशवी तिच्या हातात होती. मी तिला खाली बसवून सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मागितला होता का तिनं?"

"हो."

तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकी न लावताच ती आत गेली.