गच्चीवरचं पांढरं टोपलं

तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापिकेला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की मोजणीबाई. उपग्रहांचे संकेत पकडून ती पृथ्वी मोजते, तीही मिलिमीटरमध्ये. एवढं मोठं गिऱ्हाईक आणि एवढीशी फुटपट्टी, तेव्हा बाईंचं आयुष्य कसं गेलं असेल ते ओळखा. पीएचडीच्या वेळी डोंगरमाथ्यावर तंबू ठोकून राहिली. लग्नानंतर विद्यापीठाकडे अँटेनासाठी जागा मागत राहिली आणि विद्यापीठाने दरवेळी तोंडाला पानं पुसली. शेवटी सात वर्षांपूर्वी तिने स्वतःच्याच बिल्डिंगच्या गच्चीच्या कोपऱ्यात सिमेंटचा ठोकळा बांधला आणि त्यावर अँटेना बसवला. दिसायला पांढरं, पालथं टोपलं. ते दिवसरात्र आभाळाकडे बघायचं आणि गच्ची किती उंचावर आहे ते सांगायचं.

उंची कमी होत होती. दरवर्षी थोडी थोडी. लोक बोअरवेलमधून पाणी उपसतात म्हणून इथली जमीन खचतेय, असा पेपर मोजणीबाईने लिहून संशोधन-नियतकालिकाला पाठवला. बढतीची, पूर्ण प्रोफेसरपदाची मोठी खुर्ची दोनदा हुकली होती. आता सोमवारी मुलाखत होती आणि सगळी भिस्त याच पेपरवर. शुक्रवारी पेपर तपासणाऱ्याकडून एकच प्रश्न आला: जमीन खचतेय की तुमची बिल्डिंग?

प्रश्न नवा नव्हता. अँटेना बसवला त्याच आठवड्यात तिने तळमजल्याच्या त्याच कोपऱ्यातल्या खांबात एक पितळी खूण ठोकली होती, दुसरी रस्त्यापलीकडच्या बागेतल्या दगडात. दोन्ही खुणांच्या उंचीतला फरक मोजून ठेवला होता. जमीन खचली तर खांब आणि बाग जोडीने खाली जाणार, फरक तोच राहणार. फरक बदलला, तर बिल्डिंग एकटीच निघाली खाली. हे दरवर्षी मोजायचं ठरलं होतं. पण गच्चीवर रोज आयता आकडा मिळत असताना रस्त्यावर पट्टी घेऊन कोण उभं राहणार? सात वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं.

रविवारी सकाळी, रस्ता तापायच्या आत, तिने तिवईवर उंचीतला फरक मोजायचं, दुर्बीणवालं लेव्हलचं यंत्र चढवलं. आकडे लिहिलेली उंच पट्टी धरायला सासरे. ते निवृत्त शिंपी.

"मी जन्मभर माणसं मोजली, सूनबाई. ती पोटाकडून वाढतच जातात. तुझी पृथ्वी बरी, आटते तरी."

"बाबा, पट्टी सरळ धरा."

"सरळच आहे. श्वास घेऊ का?"

"हळू घ्या."

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी सकाळचं फिरून आले. चौथ्या मजल्यावर, टोपल्याच्या बरोबर खाली त्यांची बेडरूम. "मॅडम, गच्ची पुरली नाही वाटतं? रस्ताही घेतलात? ते टोपलं कधी काढताय ते बोला. तुमच्या बोल्टांतून माझ्या पलंगावर पाणी गळतं. पुढच्या मीटिंगला विषय घेतलाय."

तिने ऐकलं की नाही कोण जाणे. डोळा दुर्बिणीला होता आणि ओठ आकडा पुटपुटत होते. बागेपासून खांबापर्यंत मोजून झालं. मग खांबापासून बागेपर्यंत उलटं. कुठेतरी चूक सापडावी म्हणून ती एवढी तळमळली, की सासऱ्यांनी थट्टा थांबवली. चूक सापडली नाही. जाताना आणि येताना आकडे केसाएवढ्या फरकाने जुळले.

तिने बागेच्या कठड्यावर बसून आपल्या जुन्या सरांना फोन लावला.

"अगं, एक वाक्य लिही," सर म्हणाले. "इमारतीचा पाया पक्का आहे. संपलं. कोण येतंय बघायला?"

"सर, मी आत्ताच बघून आलेय."

मग सर म्हणाले, "उद्या मुलाखत आहे, एवढं लक्षात ठेव," आणि फोन ठेवला.

सासरे पट्टीला टेकून उभे होते. "मग? खाली कोण गेलं?"

"आपण. बाग नाही," ती म्हणाली.

ती घरी गेली नाही, सरळ चौथ्या मजल्यावर गेली. सेक्रेटरींनी सगळं ऐकलं आणि हसले. "हे झकास. टोपलं काढा म्हटलं, की बिल्डिंग बुडायला लागली."

"टोपलं आज काढा. मी स्वतः पाना आणून देते. पण कोपऱ्यातला खांब उद्या तपासून घ्या."

सेक्रेटरींचं हसू तिथेच विरलं. सात वर्षं ही बाई त्या टोपल्यावर कावळा बसू देत नव्हती.

सोमवारी इंजिनिअरने खांबाजवळ खणलं, तर खालून सांडपाण्याचा पाइप फुटलेला. कैक वर्षं माती धुऊन नेत होता. खांबाखाली हात जाईल एवढी पोकळी. बिल्डिंगमधल्या मुलांना आजोळी पाठवलं, कोपऱ्याला लोखंडी टेकू लावले, पोकळी भरली. खणणं चालू होतं त्याच वेळी तिकडे मोजणीबाई मुलाखतीत पेपर मागे घेतल्याचं सांगत होती. चहा यायच्या आत तिला मोकळं केलं. खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

"आता खचणं थांबलं का, ते कसं कळणार?" सेक्रेटरींनी इंजिनिअरला विचारलं. इंजिनिअरने वर गच्चीकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून सेक्रेटरी रोज जिन्यात तिची वाट अडवतात. "आज किती?" तापाचा आकडा विचारावा तसं.

"रोजचं सांगता येत नाही हो. रोज ते थोडं वरखाली होतंच. निदान महिना जाऊ द्या."

पेपर लिहिताना स्क्रीनवरची उंचीची रेघ आणखी खाली दिसली की बाईंना हुरूप यायचा. आता ती स्क्रीन उघडते तेव्हा सासरे मागे येऊन उभे राहतात आणि श्वास हळू घेतात. चौथ्या मजल्यावर गळणाऱ्या छताखाली बादली ठेवलीय. सेक्रेटरी ती गुपचूप स्वतः ओततात. बोल्टांना हात लावायचं नाव कुणी काढत नाही. महिना अजून संपलेला नाही.