उघडं चाक

माझी धाकटी बहीण घरात धाकटी आणि वॉर्डात 'मोठ्या सिस्टर'. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला कुणी 'धाकटे' म्हणून हाक मारावी हे तिला मुळीच आवडत नाही, म्हणून मी मुद्दाम मारते. माझी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांवर डाफरण्यात गेली. तिची गेली लोकांच्या उशाशी उभं राहून सलाईनचे थेंब मोजण्यात. घरातला नळ ठिबकायला लागला की आम्ही वैतागतो, ही घड्याळाकडे बघत मोजायला लागते. तिचा नवरा एकदा म्हणाला, "नशीब, माझं घोरणं मोजत नाहीस." ही म्हणाली, "मोजते. सांगत नाही."

तिच्या वॉर्डात खाटा भरपूर आणि सिस्टर कमी. एकटीने किती बाटल्यांवर नजर ठेवणार? म्हणून तिने नातेवाइकांनाच हाताशी धरलं. नवीन पेशंट आला की त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसाला ती स्टँडखाली उभं करायची आणि शाळा घ्यायची. सलाईन थांबलं की माणसाचा हात आधी चाकाकडे जातो. नळीवर छोटं चाक असतं, ते फिरवलं की थेंब कमीजास्त होतात. ती म्हणायची, "चाक निरपराध असतं हो! आधी वरून खाली बघत या. बाटली संपली का? नळी कुठे मुडपली का, कुणाच्या बुडाखाली गेली का? पेशंटचं कोपर वाकलंय का? नळी सोडवा, हात सरळ करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं चालू होतं. सुईची जागा सुजली, गार लागली, दुखायला लागली तर काहीच करायचं नाही, मला हाक मारायची. आणि चाकाला हात लावायचा नाही. जीव जातो तेवढ्यानं." लोक माना डोलवायचे. एक काका मात्र बाटली पिशवीसारखी गुडघ्याशी धरून संडासला निघाले, नळीत रक्त उलटं चढलं, आणि "सलाईन माझं रक्त पितंय!" म्हणून त्यांनी अख्खा वॉर्ड गोळा केला. धाकटीने बाटली त्यांच्या डोक्याच्या वर धरली आणि म्हणाली, "पाणी खालीच वाहतं, काका. तुम्ही त्याला डोंगर चढायला सांगितलंत."

तिच्या हाताखालून गेलेल्यांत सगळ्यात हुशार निघाली ती एक सून. सासू तापाने आणि अशक्तपणाने आलेली, वय झालेलं, हृदय दुबळं. सून घरी बसून शिवणकाम करणारी. वॉर्डातही तिच्या मांडीवर कुणाच्या तरी ब्लाउजची हातशिलाई असायचीच. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागायचं नाही. सुईवाल्या हाताची बोटं ती अधूनमधून आपल्या गालाला लावून गार पडलीत का बघायची. "ते मी तिला शिकवलं नव्हतं," असं धाकटी कौतुकाने सांगायची.

आजींच्या शिरा धाग्याएवढ्या. मनगटाजवळ सुई बसेना, शेवटी कोपराच्या वळणात बसली. तिथे सुई असली की हात वाकला रे वाकला, सलाईन थांबतं. हात सरळ राहावा म्हणून त्याला फळी बांधायची असते. "जरा वेळाने बांधते," म्हणून धाकटी पुढच्या खाटेकडे गेली आणि ती फळी राहून गेली.

त्या सकाळी जोडीची सिस्टर आलेली नव्हती. कोपऱ्यातल्या पेशंटला उलट्या सुरू झाल्या होत्या, धाकटी तिकडे पळत होती. जाता जाता तिला दिसलं, आजींचे थेंब बंद. सून कप विसळायला गेलेली. आजी झोपलेल्या, हात पांघरुणाखाली. पांघरूण उचलून कोपर बघायला कितीसा वेळ लागला असता? उभ्या जन्मात शेकडो लोकांना जे करू नका म्हणून ओरडली, तेच तिने केलं. चाक फिरवलं. थेंब पडेनात, आणखी फिरवलं. पार उघडल्यावर थेंब पडायला लागले, बरोबर हवे तसे हळू. ती निघून गेली. वाकलेल्या कोपराने नळी अर्धी दाबून धरली होती म्हणूनच ते हळू पडत होते, हे तिच्यासारखीला सांगावं लागत नाही. पण त्या क्षणी ते तिच्या डोक्यातच नव्हतं.

सून परत आली. तिने पांघरूण सारलं, कोपर वाकलेलं बघितलं, आणि शिकवल्याप्रमाणे अलगद सरळ करून खाली टॉवेलची घडी ठेवली. मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आणायला खाली दुकानात गेली. रांग होती. वर आली तेव्हा आजी उठून बसायची धडपड करत होत्या, खोकत होत्या, श्वास पुरत नव्हता. सगळी बाटली धो धो अंगात गेली होती, आणि दुबळ्या हृदयाला ते पाणी पेलवत नव्हतं. सून किंचाळली.

धाकटी धावली. चाक बंद, पाठीशी उशा, ऑक्सिजन, डॉक्टरांना हाक. जास्तीचं पाणी लघवीवाटे जाण्याचं इंजेक्शन दिलं. हात आपोआप बरोबर कामं करत होते. आजी हळूहळू शांत झाल्या तेव्हा डॉक्टरांनी रिकामी बाटली बघितली आणि विचारलं, "चाक कुणी उघडलं?"

सगळ्यांनी सुनेकडे बघितलं. नातेवाईकच उघडतात ना! ती म्हणाली, "मी नाही. मी फक्त आईंचा हात सरळ केला." डॉक्टर वैतागून म्हणाले, "नुसता हात सरळ करून बाटली रिकामी होत नाही." आणि माझी बहीण तिथेच, हातभर अंतरावर उभी. तिला त्याच क्षणी सगळं लख्ख समजलं. ती आजींच्या उशा नीट करत राहिली.

दुपारपर्यंत आजींचा मुलगा आला, मुलगी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती कशी देतात ते धाकटीने डोळ्यांनी बघितलं. मुलगा बायकोला म्हणाला, "तुला कुणी सांगितला होता नसता शहाणपणा?" नणंदेने तर सोडलंच नाही. "घरी शिवणाचा ढीग पडलाय ना! बाटली लवकर संपली की सुटका. आईचा जीव गेला असता म्हणजे कायमचीच सुटका." मग ठरलं की सुनेने आता आईजवळ थांबायचं नाही.

सून बाहेरच्या बाकावर येऊन बसली. रडता रडता पुटपुटत होती, "हात सरळ केला नसता तर झालं नसतं. माझ्यामुळेच झालं." बिचारीचा स्वतःवरचाही विश्वास उडाला होता. आणि धाकटीने काय करावं? तिला पाणी आणून दिलं. शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "होतं असं कधी कधी. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."

हे ऐकलं तेव्हा मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारी डोकावले. मुद्दाम थोडंच! म्हणजे केलं तिनेच, यावर मोठ्या सिस्टरांचं शिक्कामोर्तब. धाकटी मान खाली घालून म्हणाली, "बोल. अजून बोल. मला बरं वाटतं."

ड्यूटी संपली तरी ती घरी आली नाही. कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिली. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती नावाची. 'मोठ्या सिस्टर' या शब्दाची सवय लागते माणसाला. शेवटी उठली आणि आधी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ पेन टेबलावर आपटत बसले. म्हणाले, "लेखी द्या, वर पाठवावं लागेल. पण घरच्यांना आत्ता कशाला सांगताय? आजी सावरल्यात. मी सांगेन सावकाश."

"तोवर ती बाहेर बसलीय, डॉक्टर," धाकटी म्हणाली.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला सगळे खाटेभोवती होते. तिने सुनेला आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चाक मी उघडलं होतं. यांनी हात सरळ केला, तो मीच तसं शिकवलं म्हणून. यांचं बरोबर होतं. माझं चुकलं." मुलगा भडकला, नणंदेने आवाज चढवला, तक्रार झाली. चौकशी बसली, कडक शब्दांचा कागद हातात पडला, बढती राहिली. पण नोकरी टिकली. आजींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वाचले ना मी? मग सोडा की." मुलाने बायकोची माफी मागितली. नणंदेने मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी डबा पाठवला. हे सगळं नंतरचं. कबुली दिली त्या संध्याकाळी धाकटीला वाटलं, सुटले.

सून तिच्या मागोमाग बाहेर आली.

"तुम्हाला सकाळीच माहीत होतं?"

"हो."

"चाकाचं मी धरत नाही, सिस्टर. घाईत चूक होते. मीसुद्धा बाही उलटी शिवते कधी कधी." ती शांतपणे बोलत होती, रडत नव्हती. "पण तुम्ही मला पाणी आणून दिलंत. मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मला वाटलं, एवढ्या सगळ्यांत या एकट्या माझ्या बाजूच्या आहेत."

धाकटी हे मला सांगताना इथे थांबते. मी म्हणते, पुढे सांग. पुढचं तिला सांगवत नाही, पण सांगते.

दुसऱ्या दिवशी आजींची सुई दुसऱ्या हाताला, कोपरापासून लांब लावली होती. औषधाची छोटी बाटली, अगदी हळू. सून पुन्हा आजींजवळ थांबली होती, नवऱ्यानेच विनवणी करून आणलं होतं. थोड्या वेळाने तिने हाक मारली. ती खाटेपासून दोन पावलं लांब उभी होती, हात मागे बांधून.

"बंद पडलंय. नळी आईंच्या पाठीखाली गेलीय."

"मग काढा की," धाकटी म्हणाली. "तुम्हाला येतं."

"येतं," सून म्हणाली. "पण मी हात लावणार नाही."

धाकटीने नळी सोडवली, थेंब सुरू झाले. तिने घड्याळ समोर धरून ते मोजले. तेवढ्यात आजींनी सुनेकडे बघून हात पुढे केला. "अगं, पाठ अवघडलीय. जरा कुशीवर वळव मला."

सून जागची हलली नाही. "सिस्टर वळवतील, आई," ती म्हणाली.

आजींचा हात तसाच पुढे होता. धाकटीने तो हातात घेतला आणि त्यांना कुशीवर वळवलं.