मौन गेलं चुलीत

“अटॅक आजचा नाही, कालचा आहे,” ईसीजीची पट्टी उजेडाकडे धरून नगरचे डॉक्टर म्हणाले. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा कागदावरचा आलेख. “काल दुखलं असेल ना? काय केलंत?”

“बघत बसलो.”

“काय बघत बसलात?”

“दुखणं.”

डॉक्टरांनी माझ्या बायकोला विचारलं, “डोक्याला मार बिर लागलाय का यांना?”

त्यांचं चुकलं नाही. भिंगारच्या आमच्या विहारात माझ्यासारखा निश्चल बसणारा माणूस नाही. एकदा डोक्यावर कबुतर बसलं, त्यानं अंडं घातलं, पिल्लू उडून गेलं, तेव्हा कुठं मी डोळे उघडले. खोटं वाटत असेल तर कबुतराला विचारा.

राहुरीजवळच्या ध्यानशिबिरात दुसऱ्याच सकाळी छातीवर कुणीतरी जातं ठेवलं. कळ जबड्यापर्यंत गेली, घामानं आसन भिजलं. आम्हाला शिकवलेलं असतं की अंगात जे उठेल ते शांतपणे बघा, त्याच्यामागं धावू नका, तेही जाईल. मौन असलं तरी त्रास झाला तर सेवकांना सांगायची मुभा असते. ती मुभा कच्च्या लोकांसाठी, असा माझा समज. मी बघत बसलो. कळ ओसरली आणि मला वाटलं, गुडघे पूर्वीच जिंकले होते, आता काळीजही जिंकलं.

पण दुखणं आत दबा धरून बसलं होतं. संध्याकाळी ध्यानकक्षाच्या तीन पायऱ्या गडासारख्या वाटल्या. बाकीचे डोळे मिटून होते, मीही मिटले. आत अंधार होता आणि त्या अंधारात काहीतरी जड सरकत होतं.

त्याच्या पुढच्या दिवशी जेवताना मी ठेचा तसाच ठेवला. स्वयंपाकघरात सेवा देणाऱ्या सुनंदाताईंनी आधी ताट बघितलं, मग माझं तोंड.

“आप्पा, उठा.”

मी ओठांवर बोट ठेवलं.

“मौन गेलं चुलीत! मेल्यावर लई टाइम मिळंल गप बसायला. तोंड बघा, राखंवानी झालंय!”

सगळं शिबिर डोळे उघडून बघत होतं. भाजीच्या टेम्पोत कोबीच्या गोण्यांना टेकवून त्यांनी मला नगरला आणलं.

लगेच अँजिओग्राफी झाली. यात मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रंग सोडतात. एक वाहिनी बंद निघाली. तिच्यात स्टेंट, म्हणजे जाळीची छोटी नळी बसवली.

“वाहिनी उघडली,” डॉक्टर म्हणाले, “पण जो स्नायू मेला तो परत येणार नाही. ठोके कधीही बिघडू शकतात. दोन दिवस काही सांगता येत नाही.”

आयसीयूत शेजारच्या पलंगावर माझ्याच वयाचा माणूस होता. त्याचं यंत्र टिकटिक करायचं, माझं त्याला उत्तर द्यायचं. मग त्याचा पडदा ओढला गेला. पडदा सरकला तेव्हा पलंगावर नवी चादर होती. मी, अंडं उबवणारा ध्यानी, एक श्वाससुद्धा नीट बघू शकलो नाही. पुढचा येतो की नाही, एवढंच वाटत राहिलं.

बाहेर विहारातली माणसं खुर्च्यांवर ताठ बसून माझ्यासाठी मैत्रीभावना, म्हणजे भलं चिंतणारं ध्यान, करत होती. वॉचमनला वाटलं, धरणं धरलंय. तो हाकलायला आला आणि जाताना स्वतःच्या आजारी आईचं नाव सांगून गेला. तिच्यासाठीही बसले. शेजारच्या पलंगावरच्या माणसाची बायको कोपऱ्यात एकटी होती. सुनंदाताई उठल्या, तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिचा भाऊ येईपर्यंत हलल्या नाहीत. माझ्या बायकोनं हे सांगितलं तेव्हा मी तोंड भिंतीकडे केलं.

शिबिर घेणारे आमचे भिक्खू, भन्तेजी, भेटायला आले. “आप्पा, मला का नाही सांगितलं?” एवढंच विचारलं.

तुमच्यापैकी जे ध्यानाला बसतात त्यांना सांगतो, दुखणं बघा, पण छाती, दम, घाम असलं काही असेल तर बघता बघता शेजाऱ्याला हलवा. आमच्या विहारात आता मौन घेण्याआधी भन्तेजी हेच सांगतात, आणि सगळे माझ्याकडे बघतात.

परवा विहारात ध्यानाच्या बैठकीत छातीत काहीतरी फडफडलं. मी हात वर केला. तो पुरता वर जायच्या आत सुनंदाताई जवळ होत्या, मागं गाडीची चावी घेऊन दोघं उभे. डॉक्टरांनी तपासलं, या खेपेला काही नव्हतं. पुढच्या खेपेला असू शकतं, हेही त्यांनी सांगितलं. घरी येताना सुनंदाताईंना म्हटलं, उगाच धावपळ झाली तुमची.

“होऊ द्या,” त्या म्हणाल्या. “परत हात वर करा.”